गुरांच्या हाडांचा मनोरा

विद्यापीठाला टोमणा मारायचा असला की आपल्याकडं ‘हस्तिदंती मनोरा’ म्हणतात. वर बसून पुस्तकं वाचणारे, आणि खाली चिखल किती आहे याची ज्यांना खबर नाही, अशांची जागा. कोरियातही हाच शब्द आहे. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी त्यात एक बदल केला. हत्ती काढला आणि गुरं घातली. विद्यापीठाला ते ‘उगोलथाप’ म्हणू लागले, म्हणजे गुरांच्या हाडांचा मनोरा. शेतकरी गोठ्यातला बैल विकून पोराची कॉलेजची फी भरत होते, त्यावरून हा शब्द पडला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. आमच्यातल्या दोघींच्या घरचा बैल असाच गेलेला आहे.

आजचा विषय मोठा वाटेल: आशियातली विद्यापीठं जगात वर कशी आली. बातम्यांत तुम्ही ऐकलं असेल की चीनचं छिंगह्वा, पेकिंग आणि सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ आता जगाच्या पहिल्या विसात दिसतात. ही क्रमवारी लावायची सुरुवातही आशियातूनच झाली. 2003 साली शांघायच्या एका विद्यापीठातल्या माणसांनी जगभरच्या विद्यापीठांची यादी केली. आपण इतरांच्या किती मागं आहोत, हे त्यांना मोजायचं होतं. त्या पहिल्या यादीत पहिल्या शंभरात चीनचं एकही विद्यापीठ नव्हतं. वीस वर्षांत चित्र पालटलं. पण आम्हाला आज वेगळंच विचारायचं आहे. हा मनोरा चढला तेव्हा पैसा कुणाच्या घरातून आला, आणि आतल्या बाकावर बसायला कुणाला मिळालं?

सुरुवात जपानपासून करू, कारण आशियात हा रस्ता आधी त्यांनी धरला. 1877 साली तोक्यो विद्यापीठ सुरू झालं. शिकवायला युरोप-अमेरिकेतून माणसं आणली आणि त्यांच्यातल्या काहींना मंत्र्याच्या तोडीचा पगार दिला. पण कायमचं त्यांच्यावर अवलंबून राहायचं नाही, हे आधीपासून ठरलेलं होतं. हुशार तरुण परदेशी पाठवायचे, ते शिकून आले की परदेशी माणसाची खुर्ची त्यांना द्यायची. हळूहळू शिकवणंही जपानी भाषेत आलं, पुस्तकंही. गरजेपुरतं उसनं आणायचं, आणि विरजण आपलं घरी जपायचं, असा हा प्रकार.

तरुणांबरोबर मुलीही पाठवल्या होत्या बरं का. 1871 साली सरकारी शिष्टमंडळासोबत पाच मुली अमेरिकेला निघाल्या. त्यांतली सगळ्यात धाकटी त्सुदा उमे, वय वर्षं सहा. अकरा वर्षांनी परत आली तेव्हा ती आपली भाषा जवळजवळ विसरली होती. मुलगे परत आले की त्यांना खुर्ची तयार असायची. मुलींसाठी सरकारकडं काहीच तयार नव्हतं. पुढं ती पुन्हा अमेरिकेला गेली, जीवशास्त्र शिकली, बेडकाच्या अंड्यावरच्या संशोधनात तिचं नाव छापून आलं. तरी जपानी विद्यापीठाचं दार तिला बंदच होतं. 1900 साली तिनं दहा मुली घेऊन स्वतःची शाळा काढली. 2024 पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचं चित्र आहे. नोटेवर यायला सव्वाशे वर्षं लागली, म्हणायचं.

आता सेंदाई गावाची गोष्ट. ही आम्हाला फार आवडते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सेंदाई जपानच्या उत्तर भागात आहे. तिथं 1907 साली तोहोकु विद्यापीठ स्थापन झालं. नवीन, राजधानीपासून लांब. तोक्योसारखी रांग तिथं लागत नव्हती. म्हणून त्यांनी नियम थोडा सैल केला. ठरावीक सरकारी शाळांतून आलेल्यांनाच नव्हे, तर दुसरीकडं शिकलेल्यांनाही परीक्षा देऊन येता येईल, असं केलं. त्या नियमात ‘बायकांना बंदी’ असं कुठं लिहिलेलं नव्हतं. सावायानागी नावाचे तिथले पहिले कुलगुरू होते, त्यांच्या मनात हे होतंच. 1913 साली बायकांनी परीक्षा दिली आणि तिघी पास झाल्या.

तेव्हा शिक्षण खात्याकडून विद्यापीठाला पत्र आलं. असं पूर्वी कधी झालेलं नाही, प्रकरण फार गंभीर आहे, खुलासा करा, अशा अर्थाचं. तीन बायका वर्गात बसणार, एवढंच ते प्रकरण! विद्यापीठ मागं हटलं नाही.

त्या तिघी कोण होत्या? माकिता राकु गणित शिकायला आली. तांगे उमे रसायनशास्त्र शिकायला आली, तेव्हा तिचं वय चाळीस होतं. लहानपणी तिचा एक डोळा गेलेला. पुढं ती अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली आणि जीवनसत्त्वांवर काम केलं. आमच्या गटात पस्तिशीच्या बाया ‘आता कुठं शिकायचं’ म्हणतात, त्यांना आम्ही हिचं वय सांगतो. आणि तिसरी कुरोदा चिका.

चिकानं काय शोधलं, तर रंग. तुमच्या शेताच्या बांधावरची करडई घ्या. आपण तिचं तेल काढतो, कोवळी असताना भाजी करतो. जपानमध्ये तिच्या फुलापासून लाल रंग काढायचे, ओठाला लावायला आणि कापड रंगवायला. तो लाल रंग नेमका कशाचा बनलेला आहे, हे चिकानं वर्षानुवर्षं खपून उलगडलं आणि त्यावर 1929 साली तिला विज्ञानातली डॉक्टरेट मिळाली. जपानमध्ये विज्ञानाची डॉक्टरेट मिळवणारी ती दुसरी बाई. पुढं कांद्याच्या सालीकडं वळली. आपण जी साल उकिरड्यावर फेकतो, तिच्यातलं द्रव्य वेगळं काढून त्यावरून रक्तदाबाचं औषध तयार झालं. पुरुष शास्त्रज्ञांना करडई आणि कांदा दिसत नव्हता असं नाही, पण तिच्या हाताखालून दोन्ही गेलेलं असणार, असं आम्हाला वाटतं.

ह्या तिघींनंतर सगळी दारं उघडली असं मात्र झालं नाही. एखादं विद्यापीठ घेई, बाकीची नाही. सरसकट प्रवेश मिळायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. त्याआधी बायकांसाठी वेगळ्या संस्था होत्या. तोक्योमध्ये 1901 साली नारुसे जिंझो यांनी महिला विद्यापीठ काढलं. सरकारच्या दप्तरी ते विद्यापीठ नव्हतंच. तो दर्जा 1948 मध्ये मिळाला.

आणि इथं आपला संबंध येतो. ह्याच विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आपल्या धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली. 1915 च्या डिसेंबरात मुंबईत सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तिथल्या भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी पुण्याजवळ हिंगण्याला ते सुरू केलं. विद्यार्थिनी पाच. शिकवणं मराठीतून. 1920 साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. कायद्यानं दर्जा मिळाला 1951 मध्ये. तोक्यो काय नि हिंगणं काय, बायकांच्या विद्यापीठाला ‘विद्यापीठ’ म्हणायला दोन्हीकडच्या सरकारांनी बराच वेळ घेतला. आपण नेहमी विलायतेकडून शिकलो असं म्हणतो, पण ही कल्पना पूर्वेकडून आली होती.

आता पुन्हा कोरिया. 1886 साली सोलमध्ये मेरी स्क्रँटन नावाच्या अमेरिकन बाईंनी एका विद्यार्थिनीवर मुलींची शाळा सुरू केली. एकच पट! तेच आजचं ईह्वा महिला विद्यापीठ. पण 1910 मध्ये जपाननं कोरिया गिळला. 1924 साली जपान्यांनी सोलमध्ये एक विद्यापीठ काढलं, त्यात बरेचसे विद्यार्थी जपानीच. स्वातंत्र्य 1945 ला मिळालं आणि पाच वर्षांत युद्ध पेटलं. सोल सोडून विद्यापीठं दक्षिणेला बुसान बंदरात गेली. तिथं तंबूत आणि लाकडी खोपटांत वर्ग भरले. देश भिकेला लागला होता, पण वर्ग थांबले नाहीत.

त्याच सुमारास जमिनीचं फेरवाटप झालं होतं. कुळाला स्वतःचा तुकडा मिळाला. तुकडा लहान, पोरं चार. जमीन वाटत गेलो तर कुणाचंच पोट भरणार नाही, हे आईबापांना दिसत होतं. म्हणून एकाला तरी शिकवायचं. बैल विकायचा. बैल विकला की पुढच्या हंगामात नांगर कुणी ओढायचा, हा प्रश्न घरातल्यांच्या खांद्यावर. सरकारचा पैसा आधी शाळांकडं गेला, कॉलेजचा बराच भार घरांनी उचलला. 1971 साली सरकारनं विज्ञानाची मोठी संस्था काढली, तिचं आजचं नाव काइस्ट. तिला अमेरिकेचं साठ लाख डॉलरचं कर्ज होतं. तिची नोंद इतिहासात नीट आहे. विकलेल्या बैलांची बेरीज कुठल्या वहीत नाही.

आणि बैलानंतर काय विकायचं? तिथंच आपल्या कानाला सवयीची गोष्ट सुरू होते. गावातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुली सोलच्या कारखान्यांत गेल्या. कपडे शिवायला, सूत काढायला, केसांचे टोप बनवायला. दिवसाला बारा-बारा तास, छोट्या खोलीत पाच-सहाजणी. पगारातला मोठा वाटा गावाकडं जाई, आणि त्यातून भावाची फी भरली जाई. लोक त्यांना हिणवायला एक टोपणनाव वापरत. थकलेल्या डोळ्यांनी यांतल्या कित्येकजणी रात्रशाळेत बसल्या. 1977 पासून मोठ्या कारखान्यांनाच जोडून रात्रीच्या शाळा निघाल्या. भाऊ इंजिनिअर झाला. जहाजं, मोटारी, टीव्ही बनवणारा देश त्या इंजिनिअरांनी उभारला, असं पुस्तकं सांगतात. खोटं नाही ते. पण त्या मनोऱ्यात नुसती गुरांची हाडं नाहीत, एवढं आम्ही म्हणू. त्या बहिणींच्या मुली मात्र शिकल्या. 2009 पासून कोरियात कॉलेजात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे.

चीनबद्दल थोडक्यात. तिथं 1966 पासून अकरा वर्षं प्रवेश परीक्षाच बंद होती. शिकलेल्यांना खेड्यात शेतावर धाडलं होतं. 1977 च्या हिवाळ्यात परीक्षा पुन्हा झाली, तेव्हा सुमारे 57 लाख जण बसले आणि शंभरात पाचांनाच जागा मिळाली. त्या बंद वर्षांतच एक बाई काम करत होती, तू यूयू. बीजिंगमध्ये औषधशास्त्र शिकलेली. डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही. मलेरियावर औषध शोधायचं काम सरकारनं तिच्यावर सोपवलं. जोतिबाला आपण दवणा वाहतो ना, त्याच कुळातली एक वनस्पती तिच्या देशात जुन्या वैद्यांना ठाऊक होती. सगळे ती उकळत होते आणि गुण येत नव्हता. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका पोथीत ती पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं. आच लागली की गुण जातो, हे तिच्या लक्षात आलं. कमी उष्णतेवर अर्क काढला आणि आधी स्वतःवर घेऊन पाहिला. 2015 साली तिला नोबेल मिळालं. ज्या औषधानं लाखो जीव वाचले, ते हे.

मग आता सगळं सुरळीत आहे का? तोक्यो विद्यापीठात पदवीच्या वर्गात आजही पाचांत साधारण एकच मुलगी असते. 2018 साली तर तोक्योच्या एका वैद्यकीय विद्यापीठाची लबाडी उघड झाली. मुली पुढं लग्न, बाळंतपणात काम सोडतात, असं सांगत प्रवेश परीक्षेत त्यांचे गुण वर्षानुवर्षं गुपचूप कमी केले जात होते. मुलींनी कोर्टात दावा लावला, आणि 2022 मध्ये कोर्टानं भरपाई द्यायला लावली. त्याच्या आदल्या वर्षी जपानभरच्या वैद्यकीय प्रवेशात मुलींच्या पास होण्याचं प्रमाण पहिल्यांदाच मुलांच्या पुढं गेलं होतं. गुण नीट मोजले, एवढंच झालं होतं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणाच्या फीसाठी काय विकलं, आणि त्यापायी कुणाची शाळा सुटली, हे आम्हाला कळवा. गटाच्या बैठकीत लिहून द्या, नाहीतर फोनवर बोलून पाठवा. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका. पुढच्या भागात आम्ही तीच पत्रं वाचणार आहोत.