माशांवरील ऊ : एका नावाचा इतिहास

मराठीतील 'ऊ' हा शब्द फार जुना आहे. संस्कृत 'यूका', प्राकृत 'जूआ' अथवा 'ऊआ' आणि मराठी 'ऊ' अशी त्याची परंपरा असून हिंदीतील 'जूँ' हाही त्याच कुळातील होय. गोड्या पाण्यातील माशांच्या अंगास चिकटून त्यांचे रक्त शोषणाऱ्या आर्ग्युलस या प्राण्यास आपण 'माशांवरील ऊ' म्हणतो, तेव्हा हा प्राचीन शब्द एका अगदी निराळ्या कुळातील जीवाला लावीत असतो. या नामकरणामागे कोणती दृष्टी आहे, शास्त्रज्ञांनी त्याच प्राण्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले आणि या दोहोंचा मत्स्यपालनाच्या व्यवहाराशी काय संबंध पोहोचतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हे नाव केवळ मराठीचे नाही. इंग्रजी व जर्मन या भाषांतही हा प्राणी माशाची अथवा कार्प माशाची 'ऊ'च आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील मुकुटबनच्या परिसरात मराठी व तेलुगू यांचा शेजार आहे आणि कोलामी व गोंडी या द्राविडी बोलीही त्याच मुलुखात नांदतात. तेलुगूत उवेला 'पेनु' म्हणतात. हा शब्द तमिळ 'पेन्' व कन्नड 'हेनु' यांचा सगोत्र असून 'यूके'शी त्याचा काही संबंध नाही. तथापि 'चेप' म्हणजे मासा, त्यावरील 'पेनु', अशी जोडणी तेलुगूतही झालीच आहे. शब्द भिन्न कुळांतील, परंतु रूपक एकच. अंगाला चिकटणे व रक्त पिणे या दोन क्रिया दिसल्या, की लोकांच्या तोंडी 'ऊ' हेच नाव येते.

या रूपकात एक जुनी समजूतही दडलेली आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात जीवांचे जरायुज, अंडज, स्वेदज व उद्भिज्ज असे वर्ग केलेले असून यूकेची गणना डास, माशी व ढेकूण यांच्यासह स्वेदजांत केली आहे. उवा अंगाच्या घामातूनच उपजतात, असा याचा अर्थ. युरोपातही अशा स्वयंजननाच्या कल्पनेला प्रयोगाने पहिला मोठा धक्का दिला तो १६६८ मध्ये फ्रांचेस्को रेडी याने. समजूत गेली, पण ऊ ही जिच्या अंगावर असते तेथेच जन्मते आणि तेथेच मरते, हा भाव शब्दाला चिकटून राहिला.

शास्त्रज्ञांनी मात्र नाव शोधले ते डोळ्यांत. लिनियसने १७५८ मध्ये या प्राण्यास 'मोनोक्युलस फोलिएशियस' म्हणजे 'पानासारखा एकाक्ष' असे नाव देऊन कीटकांत घातले. त्या काळी पाण्यातील कित्येक सूक्ष्म कवचधारी 'एकाक्ष' या एकाच सदरात मोडत. पुढे १७८५ मध्ये डेन्मार्कच्या ओ. एफ. म्यूलरने त्यास 'आर्ग्युलस' म्हटले. ग्रीक पुराणकथेतील शतनेत्र आर्गस आपल्या सहस्राक्ष इंद्राची आठवण करून देतो. त्याचेच हे लघुत्ववाचक रूप होय. सत्तावीस वर्षांत एकाक्षाचा शतनेत्र झाला. वस्तुतः या प्राण्यास दोन संयुक्त नेत्र व मध्ये एक लहानसा साधा नेत्र असतो. म्हणजे दोन्ही नावांत अर्धसत्यच होते.

वर्गीकरणाची वाटचालही अशीच वळणावळणाची आहे. ल्वी ज्यूरीन याने १८०६ मध्ये या प्राण्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. १८६४ मध्ये थोरेल या स्वीडिश संशोधकाने त्यासाठी 'ब्रँकिउरा' हा स्वतंत्र गट कल्पिला. त्यानंतर १९७२ मध्ये विंगस्ट्रँडने शुक्रपेशींच्या रचनेवरून आणि १९८९ मध्ये एबेल व सहकाऱ्यांनी रायबोसोमी आरएनएच्या तुलनेवरून असे दाखविले, की याचे निकटचे आप्त म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या श्वसनमार्गात राहणारे, 'कृमी' समजले गेलेले पेंटास्टोमिड जीव होत. माशांवरील दुसरा परोपजीवी लर्निया हाही कवचधारीच. परंतु लिनियसने त्यास कृमींत बसविले होते आणि आजही 'नांगरकृमी' या अर्थाचे नाव त्यास लावले जाते.

भारतीय जातींचा आढावा रामकृष्ण यांनी १९५१ मध्ये भारतीय संग्रहालयाच्या पत्रिकेत घेतला. तेव्हा हा विषय मुख्यतः प्राणिसंग्राहकांचा होता. १९५७ मध्ये प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी झाला, १९५९ मध्ये चंदेरी कार्प व गवत्या कार्प देशात आले आणि एकाच तळ्यात अनेक जातींचे मासे दाटीने वाढविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. दाटी वाढली, मत्स्यबीज एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ लागले आणि त्याबरोबर ही 'ऊ'ही. विल्सनने १९२६ मध्ये वर्णिलेली 'आर्ग्युलस सियामेन्सिस' ही जाती आज भारतीय कार्पांना, विशेषतः रोहूला, फार उपद्रव देते. 'आर्ग्युलस जॅपोनिकस' ही जाती तर शोभेच्या सोनमाशांबरोबर जगभर पसरली. तिच्या दंशाने झालेल्या जखमांत जिवाणू व बुरशी शिरतात आणि मासा खंगतो.

नावाचा प्रश्न आता केवळ कोशकाराचा राहत नाही. माणसाच्या डोक्यातील ऊ आपली लीख केसालाच चिकटविते आणि अंगापासून दूर झाली तर एकदोन दिवसांत मरते. म्हणून फणी हा तिच्यावरील योग्य उपाय. आर्ग्युलसची मादी मात्र अंडी घालण्यासाठी मासा सोडून पाण्यात पोहत जाते आणि दगड, लाकूड वा पाणवनस्पती यांवर अंड्यांच्या ओळी चिकटविते. त्यांतून निघालेले पिल्लू नवा मासा शोधते. 'ऊ' या शब्दावर विसंबून जो केवळ माशाच्या अंगावर उपाय करतो, त्याच्या तळ्यात काही दिवसांनी उपद्रव पुन्हा उभा राहतो. कारण पुढची पिढी माशावर नसून तळ्यात असते. म्हणून पाण्यात फळ्या अथवा बांबूच्या चटया सोडून, त्यांवर अंडी साचली की त्या बाहेर काढून वाळविणे, आणि मासे काढल्यावर तळे कोरडे करणे, हे उपाय औषधाइतकेच महत्त्वाचे ठरतात.

लोकांनी दिलेले नाव टाकून द्यावे, असे येथे सुचवावयाचे नाही. ज्या नावाने मासेमार प्राणी ओळखतो तेच नाव मार्गदर्शनातही वापरले पाहिजे. परंतु मराठीत शास्त्रीय परिभाषा घडविणाऱ्याने आणि मत्स्यपालकांसाठी पुस्तिका लिहिणाऱ्याने 'माशांवरील ऊ' असे लिहिताना, 'हिची लीख माशावर नसते' एवढे वाक्य त्यापुढे अवश्य जोडावे.