पत्त्यात लबाडी झाली, तर सांगायचं कुणाला?

पोळा झाला की आपल्या जिल्ह्यातल्या पेपरांत एक बातमी हमखास येते. अमुक शिवारात झाडाखाली जुगारावर धाड. इतके जण ताब्यात, इतकी रोकड, इतके मोबाइल, इतक्या दुचाकी आणि न चुकता ‘५२ ताशपत्ते’. गाव बदलतं, आकडा बदलतो, बाकी मजकूर तोच. पण राजेहो, या बातमीत एक गोष्ट कधीच नसते. त्या डावात लबाडी कोण करत होता? कुणाचे कापसाचे पैसे सरळ खेळात गेले आणि कुणाचे खूण केलेल्या पत्त्यांत गेले? पोलिसांना ते विचारायची गरज नसते, आणि ज्याचं गेलं तो सांगत नाही. तो का सांगत नाही, याला मोठा इतिहास आहे.

आधी जिथे सांगता येतं तिथली रीत बघू. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो जहाजांवर जाऊन आलेले आपल्याकडे आता बरेच आहेत. तिथे पोकरच्या टेबलावर शेजाऱ्याने पत्ता बदलला किंवा दोघं आपसात खुणा करताहेत असा संशय आला, तर समोरच्याला ‘चोर’ म्हणायचं नसतं, त्याचा हात धरायचा नसतो. पत्ते गोळा व्हायच्या आत डीलरला थांबवायचं आणि फ्लोअर मॅनेजरला बोलवा म्हणायचं. त्याला आपण काय पाहिलं तेवढं सांगायचं. तो माणूस कसा आहे हे सांगायचं नाही. पत्ते एकदा गड्डीत मिसळले की अर्धा पुरावा गेला, म्हणून वेळेला महत्त्व. वर कॅमेरा असतो, गड्डी मोजता येते, बदलता येते, डाव रोखता येतो. दोघांचं संगनमत मात्र एका डावात पकडता येत नाही. एकाने चाल वाढवायची आणि दुसऱ्याने मधल्याला दाबायचं, हे बरेच डाव पाहिल्यावर दिसतं. ते पाहायचं काम घराचं, खेळणाऱ्याचं नाही.

यात खरी मेख ही की पोकरमध्ये कॅसिनो स्वतः खेळत नाही. तो प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो. आपल्याकडे त्याला ‘नाल’ म्हणतात. कोण जिंकलं याने त्याला फरक पडत नाही, म्हणून तो निवाडा करू शकतो. आपल्या झाडाखालच्या डावात नाल काढणाराच बऱ्याचदा पत्ते घेऊन बसलेला असतो, किंवा त्याचा साळा बसलेला असतो. मग तक्रार कुणाकडे करता?

ही व्यवस्था साहेबाने आणली असं वाटेल. तसं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘द्यूताध्यक्ष’ नावाचा सरकारी अधिकारी आहे. जुगार एकाच ठरलेल्या जागी, त्याच्या नजरेखाली खेळायचा. दुसरीकडे खेळलं तर १२ पण दंड. कवड्या आणि फासे अध्यक्षानेच पुरवायचे, आणि ते कोणी बदलले तर पुन्हा १२ पण. लबाडी सिद्ध झाली तर दंड वेगळा, आणि जिंकलेलं काढून घ्यायचं. जिंकणाऱ्याकडून शेकडा ५ सरकारात जमा. हीसुद्धा नालच, फक्त सरकारी. कोंबडे-मेंढे झुंजवून लावलेल्या पैजाही त्याच प्रकरणात येतात. वणी, मारेगाव, झरीकडच्या लोकांना कोंबडबाजार म्हणजे काय ते सांगायला नको.

याच प्रकरणात एक वाद आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुगाराची तक्रार राजाकडे आली तर दंड कुणाला किती? जुने आचार्य म्हणत, जिंकलेल्याला कमी आणि हरलेल्याला जास्त. कारण हरलेला मूर्ख असतो, जिंकायला बसला, हार सोसवली नाही म्हणून आला. कौटिल्य हे मान्य करत नाही. त्याचं म्हणणं असं की हरलेल्यालाच दुप्पट दंड लावला तर राजाकडे कोणी फिरकणार नाही, आणि जुगारी तर बहुतेक लबाडीच करतात. म्हणजे त्याला जुगाऱ्यांबद्दल काडीचं प्रेम नाही. पण फसलेल्याचं तोंड बंद केलं तर लबाड मोकाट सुटतो, हे त्याने ओळखलं होतं.

मनूचा मार्ग वेगळा. राजाने जुगार राज्यातून हद्दपारच करावा, असं तो सांगतो. याज्ञवल्क्य मात्र देखरेखीखालचा जुगार चालू देतो, कारण त्यामुळे चोर ओळखू येतात. खोट्या फाशांनी खेळणाऱ्याला डाग देऊन राज्याबाहेर काढा, असंही तो सांगतो. याच याज्ञवल्क्यावर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वडिलोपार्जित शेताच्या वाटणीचा दावा ज्याच्या घरात झालाय, त्याने मिताक्षरा हे नाव वकिलाच्या तोंडून ऐकलं असेलच. म्हणजे वाटणीचा कायदा आपण तिथून घेतला, जुगारातल्या निवाड्याचा सोडून दिला.

सोडला तो इंग्रजी अमलात. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मध्य प्रांतासकट उत्तरेकडच्या प्रांतांसाठी आला. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० ने पैजेचा करारच रद्दबातल ठरवला, म्हणजे जिंकलेले पैसे कोर्टातून मागता येत नाहीत. (घोड्यांच्या शर्यतीच्या ५०० रुपयांवरच्या बक्षिसाला मात्र त्यात सूट! साहेबांचा शौक तेवढा कायद्याबाहेर.) मग मुंबई इलाख्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा झाला. तेव्हा आपण वऱ्हाडात होतो आणि जिल्ह्याचं नाव वणी होतं. यवतमाळ हे नाव १९०५ ला मिळालं. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे तो मुंबईचा कायदा आपलाही झाला. आज पेपरात कलम १२ (अ) वगैरे येतं ते त्यातलंच.

या कायद्याची रचना बघा. कलम ४ अड्डा चालवणाऱ्याला, कलम ५ तिथे खेळताना किंवा खेळायला आलेला सापडेल त्याला. लबाडी करणारा आणि लबाडीत बुडालेला एकाच कलमात, एकाच गाडीत. फसवणुकीचं कलम दंड संहितेत १८६० पासून होतंच, आताच्या न्याय संहितेतही आहे. पण ते लावायला ठाण्यात जाऊन पहिलं वाक्य काय सांगणार? ‘साहेब, मी पत्ते खेळत होतो.’ तक्रार पूर्ण व्हायच्या आधीच कबुलीजबाब झाला. कौटिल्याने जे होऊ नये म्हटलं, नेमकं तेच झालं.

आणि दार बंद असलं की मोठमोठ्यांचीही कशी गत होते ते त्याच काळात खुद्द इंग्लंडात दिसलं. सप्टेंबर १८९० मध्ये यॉर्कशायरमधल्या ट्रॅन्बी क्रॉफ्ट नावाच्या बंगल्यात पाहुणे पत्त्यांवर बॅकरा खेळत होते. बँकर होता युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, ज्याच्या कारकिर्दीत १९०२ ला निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला. सर विल्यम गॉर्डन-कमिंग हा लष्करी अधिकारी पत्ता उघडल्यावर पैजेचे बिल्ले वाढवतो, असा यजमानाच्या मुलाला संशय आला. त्याने तेव्हाच डाव थांबवला नाही. घरच्यांनी दुसऱ्या रात्री टेबलावर खडूची रेघ मारून पाळत ठेवली. मग त्याला खोलीत गाठून ‘आयुष्यात पुन्हा पत्ते खेळणार नाही’ असं लिहून घेतलं, बदल्यात सगळ्यांनी गप्प राहायचं ठरलं. बात फुटलीच. त्याने बदनामीचा दावा लावला, जून १८९१ मध्ये युवराजाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं, आणि ज्यूरीने १३ मिनिटांत त्याच्याविरुद्ध निकाल दिला. दुसऱ्याच दिवशी त्याची सैन्यातून हकालपट्टी झाली. त्याने खरंच लबाडी केली होती का, यावर अजून पुस्तकं निघतात. पहिल्याच रात्री कोणी ‘थांबा, बिल्ले मोजा’ म्हटलं असतं तर प्रश्न पाच मिनिटांचा होता. पण म्हणणार कुणाला? निवाडा करायला जो बसला असता, तोच बँक चालवत होता.

आता आपल्या कापसाकडे येऊ. मटक्याचा जन्म कापसातला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडताना आणि बंद होतानाचे भाव मुंबईत टेलिप्रिंटरवर येत, आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. बोंड आपल्या मातीत पिकवायचं, भाव दूर कुठेतरी ठरायचा आणि त्या भावावर मुंबईत सट्टा. बाप्पा, यात शेतकरी कुठेच नाही! पण त्या सट्ट्यात एक सोय होती. आकडा सातासमुद्रापारचा, मुंबईतल्या कुणाच्या हातचा नाही. १९६१ ला ते भाव येणं थांबलं आणि आकडा मुंबईतच काढायची वेळ आली. १९६२ ला कल्याणजी भगत, १९६४ ला रतन खत्री. आता लोकांचा विश्वास कसा बसणार? खत्री जमलेल्यांपुढे तीन पत्ते काढायचा, आणि कधी समोरच्याच कुणाला काढायला लावायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. तो धंदा बेकायदाच होता, त्याने किती घरं बसवली ते वेगळं सांगायला नको. पण लबाडीच्या संशयाला उत्तर द्यावं लागतं, हे त्या बेकायदा माणसाला कळत होतं. गावातल्या टपरीवर पट्टी फाडणाऱ्याने पैसे बुडवले तर मात्र उत्तर कुणीच द्यायचं नाही. तिथे फक्त दादागिरी.

सरकारला कळत नव्हतं असंही नाही. १९७६ ला महाराष्ट्राने कॅसिनो नियंत्रण व कर कायदा केला. म्हणजे परवाना, देखरेख आणि कर, थोडक्यात द्यूताध्यक्ष परत आणायचा कागद. तो कधी अमलातच आला नाही. ४७ वर्षं कपाटात राहिला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. मला स्वतःला हे बरंच झालं असं वाटतं. नागपूरला किंवा आपल्याकडे कॅसिनो उघडावा असं माझं अजिबात म्हणणं नाही. गोव्यातही २०२० मध्ये गेमिंग कमिशनरचं काम करखात्याच्या आयुक्ताकडे दिलं, यावरून सरकारला कशात जास्त रस आहे ते दिसतंच.

पण कॅसिनो नको म्हणणं वेगळं आणि फसलेल्याला आरोपी करणं वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे मोबाइलवरचे खेळ, त्यात पोकर आणि रमीसुद्धा, बंद. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला, पैसे फिरवणाऱ्याला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे मोबाइलवर रमीत बुडालेला पोरगा ठाण्यात जाऊन बोलू शकतो, सायबरच्या १९३० नंबरवर फोन करू शकतो. त्याच्या बापाला झाडाखाली तिघांनी जोडी करून लुटलं असेल, तर त्याला मात्र १८८७ चंच कलम ५. घरात कायदे दोन झाले.

विधानसभेत हा विषय निघेल असं वाटत नाही, कारण जुगाऱ्याची बाजू कोण घेणार? इथे वकिली करणारे आणि पोलिसांत नोकरी केलेले बरेच जण वाचतात. डावात फसवलं म्हणून कोणी स्वतःच्या पायाने तक्रार द्यायला आलं, असं जिल्ह्यात कधी तुमच्या पाहण्यात आहे का? असेल तर त्याचं पुढे काय झालं ते नाव-गाव न घेता कमेंटमध्ये लिहा.