दोन वाव पाणी

खाडीच्या मधोमध एक बांबू रोवलेला होता. वरच्या टोकाला निळ्या प्लास्टिकची फाटकी चिंधी फडफडत होती. मी म्हटलं, "वाट तिकडून ना?" तांडेलाने होडीचं तोंड बरोबर उलट्या अंगाला फिरवलं. "ती काठी दोन पावसाळ्यांमागची," तो म्हणाला, "तिच्याकडे नका बघू." इंजिन त्याने अगदी मंद केलं. नाळीवर बसलेल्या पोराने हातातला लांब बांबू पाण्यात सोडला, टेकवला, उचलला, पुन्हा सोडला. दर वेळी तो मागे न वळता नुसता हात वर करायचा, आणि त्या हातावरून तांडेल सुकाणू एखादं बोट इकडे, एखादं बोट तिकडे करायचा.

ही वाशिष्ठीची खाडी. दाभोळहून वर, चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत इथून एके काळी मालाची गलबतं जात. आता लहान होडीलाही ओहोटीची वेळ बघून निघावं लागतं. पावसाळ्यात डोंगरावरची माती खाली येते, भरती ती आत लोटते, ओहोटी थोडी बाहेर नेते, आणि या ओढाताणीत वाळूचे दांडे आपली जागा सोडून सरकतात. काठी मात्र रोवली तिथेच राहते. तिचा दोष एवढाच.

त्या पोराच्या बांबूचं घराणं फार जुनं आहे. इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी नावांचे नमुने सापडले. ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांतल्या एका नावेच्या पुढच्या टोकाशी एक माणूस उभा आहे आणि त्याच्या हातात वजन बांधलेली दोरी आहे. नाईलचं पाणी गढूळ आणि वाळू चंचल, तेव्हा धनी मागे सावलीत बसला तरी पुढे तळ चाचपणारा माणूस हवाच. मेल्यावरच्या प्रवासातही त्याच्यावाचून चालणार नाही, असं थडगं बांधणाऱ्यांना वाटलं असावं.

पुढे इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात हिरोडोटसने इजिप्तच्या समुद्राबद्दल एक साधी गोष्ट लिहून ठेवली. किनारा अजून एक दिवसाच्या अंतरावर असताना दोरी सोडली, तर अकरा वाव पाण्यातून चिखल वर येतो. म्हणजे जमीन दिसायच्या आधीच जमिनीने आपला निरोप पाठवलेला असतो. या वाक्यात दोरीची दोन्ही कामं आली: पाणी किती ते सांगायचं, आणि खाली काय आहे ते वर आणायचं. दुसऱ्या कामासाठी शिशाच्या वजनाच्या बुडाला खळगा ठेवत आणि त्यात चरबी थापत. तळाला टेकलं की वाळू, शिंपल्यांचा चुरा, चिखल, जे असेल ते चरबीला चिकटून यायचं. काहीच चिकटलं नाही आणि चरबीवर नुसता ठसा उमटला, तर खाली खडक. भूमध्य समुद्राच्या तळातून असे खळग्याचे शिशाचे गोळे बरेच निघाले आहेत. नकाशांवर खोलीच्या आकड्याशेजारी वाळू, चिखल, शिंपले यांची अक्षरं छापायची चाल या चरबीतूनच आली.

मी वर 'वाव' म्हटलं, ते भाषांतराच्या सोयीसाठी नाही. ग्रीकांचं माप तेच होतं, इंग्रजांचंही तेच, आपलंही तेच. दोन्ही हात आडवे पसरले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे वाव. संस्कृतात 'व्याम', त्याचं मराठीत झालं 'वाव'. इंग्रजी 'फॅदम'च्या मुळाशीही पसरलेले हात, म्हणजे मिठीच आहे. इतक्या लांबलांबच्या माणसांनी समुद्र एकाच मापाने का मोजला, याचं उत्तर दोरी ओढून बघितली की मिळतं. ओली दोरी वर घेताना माणूस हात पसरतो, छातीशी आणतो, पुन्हा पसरतो. मोजणी त्या ओढण्यातच होऊन जाते, वेगळी काठी लागत नाही. इंग्रजांनी पुढे वाव सहा फुटांची ठरवून टाकली. कोळ्याच्या हाताला सहा फुटांशी काही देणंघेणं नव्हतं.

आपल्या किनाऱ्याची साक्ष इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपोथीत आहे. लिहिणारा स्वतः व्यापारी असावा, कारण वर्णनापेक्षा धोके त्याला जास्त आठवतात. कच्छच्या रणाच्या बाजूचं आखात उथळ आहे, तिथली वाळू सरकती आहे, आणि किनारा दिसतही नसताना जहाजं रुततात, असं तो बजावतो. भरूचला जाणाऱ्यांसाठी तर त्याने खास सूचना दिल्या आहेत. नर्मदेचं मुख सापडणं अवघड, आत दांडे, आणि भरती एवढ्या जोराची की उभं जहाज उलटं व्हावं. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत समोर येत आणि जहाजांना ठरलेल्या डोहांतून, भरतीच्या हिशेबाने, वर बंदरात नेत. खुणांची यादी करणाऱ्या या पोथीनेही शेवटी खुणेवर नाही, माणसावर भिस्त ठेवली, हे मला त्यातलं सगळ्यात प्रामाणिक पान वाटतं.

दोरीवर खुणा कशा करायच्या, इथे या कुळकथेतलं खरं डोकं दिसतं. इंग्रजी जहाजांवरच्या दोरीला दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीन वावांवर तीन. पाचावर पांढरं सुती कापड, सातावर लाल बावट्याचं कापड, दहावर भोक पाडलेलं चामडं, तेरावर निळं लोकरी कापड. रंग दिवसासाठी, पण कापडांची जात वेगवेगळी ठेवली ती रात्रीसाठी. अंधारात, बोटं गारठलेली असताना दोरी मोजणारा खूण हाताने चाचपायचा, नाही कळलं तर ओठांना लावून बघायचा. चार, सहा, आठ, नऊ वावांना खूणच नाही. तिथे आजूबाजूच्या खुणांवरून अंदाज करायचा आणि हाक वेगळी द्यायची, म्हणजे सुकाणूवाल्याला कळावं की हा आकडा हाताला लागलेला नाही, डोक्यातून आलेला आहे. आपल्या आकड्यांत अशी सोय असती तर किती बरं झालं असतं, असं वर्तमानपत्र वाचताना मला नेहमी वाटतं.

वाशिष्ठीतल्या त्या पोराच्या बांबूवर कोयत्याने पाडलेल्या खाचा होत्या. एके ठिकाणी एक, तिच्यावर दोन, मग सुतळीचा वेढा. "आकडे का नाही रंगवले?" मी विचारलं. माझ्याकडे बघून तो नुसता हसला.

दोरीच्या हाकांमधली सगळ्यात प्रसिद्ध हाक मिसिसिपी नदीवरची. सॅम्युअल क्लेमन्स या तरुणाला 9 एप्रिल 1859 रोजी तिथे पायलटचा परवाना मिळाला. पुढे लेखक झाल्यावर त्याने घेतलेलं नाव 'मार्क ट्वेन' म्हणजे दोरीवरची दुसरी खूण, दोन वाव, बारा फूट पाणी. तिथल्या वाफेच्या बोटींना एवढं पाणी पुरे. म्हणून या हाकेचा अर्थ 'सुखरूप' असा सांगायची पद्धत आहे. तो अर्धाच खरा आहे. खोल पाण्यातून उथळात येताना 'मार्क ट्वेन' ऐकू आलं तर पोटात गोळा यायचा. उथळातून बाहेर पडताना तेच ऐकलं तर जीव भांड्यात पडायचा. आधीची हाक कोणती होती, यावर सगळं अवलंबून.

त्याच्या आठवणींत मला जास्त आवडते ती लहान होडीची गोष्ट. नदी फार उथळ झाली की मोठी बोट थांबायची आणि होडी पुढे पाठवून वाट मोजून घ्यायची. सापडलेल्या जागेवर बोया टाकायचा. बोया म्हणजे चार-पाच फुटांची फळी, एक टोक वर वळवलेलं, आणि दोरीने बांधलेला जड दगड. रात्री त्यावर कागदी कंदिलात मेणबत्ती. ही खूण एका बोटीसाठी, एका रात्रीची, आणि म्हणूनच खरी. ती जुनी व्हायला तिला वेळच मिळत नसे. 1874 पासून अमेरिकी सरकारने पश्चिमेकडच्या नद्यांवर काठाकाठाने दिवे लावायला घेतले, आणि खुणेला पगार, खातं, वहीतला क्रमांक मिळाला. प्रवास सोपा झाला यात वाद नाही. पण सरकारी खूण उभी राहिली की ती हलवण्यासाठीही सरकारच हलावं लागतं, आणि वाळू कागद पुढे सरकायची वाट बघत नाही.

हे हुगळीवर फार आधीच कळलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीने तिथे 1669 मध्ये पायलटांची चाकरी सुरू केली. दामोदर आणि रूपनारायण जिथे हुगळीला मिळतात तिथला वाळूचा दांडा 'जेम्स अँड मेरी' या नावाने कुप्रसिद्ध. हे नाव बंगालीतल्या 'जल मारी'वरून आलं, अशी एक चतुर व्युत्पत्ती बरीच वर्षं फिरत होती. 'हॉब्सन-जॉब्सन' कोशकार यूल यांनी जुनी दप्तरं काढून ती मोडीत काढली: 1694 मध्ये 'रॉयल जेम्स अँड मेरी' हे जहाज त्या वाळूवर चढून बुडालं, त्याचंच नाव वाळूला राहिलं. तिथे जहाजाचं बूड टेकलं की प्रवाह त्याला आडवं पाडी आणि वाळू ते गिळून टाकी. म्हणून त्या नदीची मोजणी कधी संपतच नसे. मोजायचं, बोये हलवायचे, पुन्हा मोजायचं. पायलट होऊ पाहणारा गोरा पोरगा कितीही चांगल्या घरचा असला, तरी त्याची पहिली काही वर्षं दोरी सोडण्यात जात, आणि त्याच्या हुद्द्याच्या नावातच ते शिसं असे.

1913 मध्ये अलेक्झांडर बेम या जर्मन शास्त्रज्ञाने आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. गेला, आपटला, परत आला, वेळेवरून अंतर. दोरीचे दिवस तिथे भरले. आज आपल्या ट्रॉलरांवर मासे दाखवणारा जो छोटा पडदा असतो, तो या युक्तीचाच वारस. तरी जगातल्या कितीतरी समुद्री नकाशांवर अजून दोरीनेच मोजलेले आकडे आहेत. वावांचे मीटर झाले, छपाई सुबक झाली. हात मात्र कधीच्या काळी गेलेल्या खलाशाचा.

"यंत्र का नाही लावत?" असं मी तांडेलाला विचारलं होतं. त्याच्याकडे होतं. समुद्रात तो ते वापरतो. "खाडीत ते चिखलालाच जमीन समजतं," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. खाडीच्या तळाशी पेजेसारखा पातळ गाळ असतो, आणि आवाज कधी त्याच्या वरच्या थरावरूनच परत फिरतो. त्यातून होडी सुखाने जाऊ शकते. बांबू दाबला की तो गाळ किती मऊ, आणि खाली कडक काही आहे का, ते तळव्याला कळतं.

परत येताना ओहोटी पार उतरली होती. चिंधीवाली काठी आता उघड्या वाळूत उभी होती, वर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. काठीच्या बुडाशी चार बायका पदर खोचून तिसऱ्या वेचत होत्या.