‘सूड देवावर सोपवणे’ म्हणजे नेमके काय?

ख्रिस्ती शिकवणीनुसार सूड घेणे हे माणसाचे नव्हे, देवाचे काम आहे. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात पौल हे सांगताना जुन्या करारातील अनुवाद ३२:३५ चा आधार घेतो. पुढे तो भुकेल्या शत्रूलाही जेवू घालायला सांगतो.

मग गुन्हेगाराला मोकळे सोडायचे का? नाही. १३व्या अध्यायात शिक्षेचा अधिकार राज्यसत्तेकडे दिला आहे. वैयक्तिक सूड वेगळा, न्याय वेगळा.

जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे मिशनरी ग्रॅहम स्टेन्स व त्यांच्या दोन मुलांना जिवंत जाळण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि कुष्ठरुग्णांची सेवा सुरू ठेवली. खटला मात्र चालला. दारा सिंगला जन्मठेप झाली.