मुळं धरेपर्यंत

वैशाखात कुंडी बदलू नये, हे मला वैशाखात कुंडी बदलल्यावरच कळलं.

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचं नांदरुकाचं बोन्साय माझ्या ताब्यात देऊन गेली. वीतभर उंचीचं झाड, ताटलीएवढी उथळ कुंडी. तिचाही तो पहिलाच प्रयत्न. "आई, फक्त पाणी घालत जा," एवढंच तिचं सांगणं. दोन वर्षं मी तेवढंच केलं. मग पाणी मुरेनासं झालं, वरच साचून राहू लागलं. खालच्या भोकातून मुळं बाहेर डोकावू लागली. कुंडीत मातीपेक्षा मुळंच जास्त झाली होती. आगोटीच्या आधीची साफसफाई चालली होती, त्याच झपाट्यात एका दुपारी मी झाड बाहेर काढलं.

आमच्या घरात बटाटा, कांदा येत नाही. कंदमूळ उपटताना त्याच्या आधाराने राहणारे असंख्य जीवही जातात, हे लहानपणापासून कानावर. आणि त्याच घरातली मी हातात कात्री घेऊन जिवंत झाडाची मुळं कापत बसले होते. तिसरा हिस्सा कापायचा असतो, असं पुढे वाचलं. मी निम्म्याहून जास्त कापली. मग अंगणातली तांबडी माती दाबून दाबून भरली, वर ओंजळभर शेणखत घातलं, भरपूर ऊन मिळावं म्हणून कुंडी गडग्यावर ठेवली आणि दिवसातून तीन वेळा पाणी घातलं. प्रेमापोटी जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या.

पाचव्या दिवशी पानं पिवळी पडली. दहाव्या दिवशी झाडावर एक पान उरलं नाही. मुलीचा फोन आला, "झाड कसं आहे गं?" मी म्हटलं, "बरं आहे." असत्य बोलू नये हे व्रत आम्ही रोज म्हणतो. त्या दिवशी ते एका नांदरुकापायी मोडलं.

शेजारच्या आजींचं कुळागर आहे. पोफळीची शेकडो रोपं त्यांनी इकडची तिकडे लावलेली. त्यांनी कुंडीकडे पाहिलं, फांदीवर नख ओढलं. सालीखाली हिरवं दिसलं, पांढरा चीकही आला. म्हणाल्या, "जिवंत आसा. आतां ताका हात लायनाका, सावळेंत दवर."

मी कुंडी पडवीत नेली. वरचं खत तेवढं खरवडून काढलं. माती पुन्हा उपसली नाही. कुंडीच्या एका बाजूखाली चिऱ्याचा तुकडा सारून ती जराशी कलती ठेवली, म्हणजे साचलेलं पाणी निथळेल. झाड वाऱ्याने हलू नये म्हणून सुतळीने कुंडीला बांधलं. पाणी द्यायचं ते बोट खुपसून, वरची माती कोरडी लागली तरच.

यामागचं कारण साधं आहे. झाड पाणी पितं ते जाड मुळांनी नव्हे, तर टोकांकडच्या केसासारख्या बारीक मुळ्यांनी. कुंडी बदलताना नेमक्या त्याच तुटतात. पानं मात्र उन्हात पूर्वीइतकंच पाणी उडवत राहतात. आवक थांबली आणि खर्च तोच, म्हणून झाड पानं टाकतं. ती त्याची काटकसर असते. अशा वेळी जास्त पाणी घातलं तर ते पिणारं कुणी नसतं, माती चिखल होते आणि उरलेली मुळं कुजतात. खत घातलं तर नव्या कोवळ्या मुळ्या पोळतात. झाड हललं, की रात्रीत फुटलेली मुळी सकाळी तुटते. आजारी माणसाला पंगतीत बसवू नये, तसंच हे.

झाडाला हात लावायचा नाही, मग हात रिकामे राहिले. मी पुस्तकं काढली. माझ्या बी. ए.च्या दिवसांपासून वराहमिहिराची बृहत्संहिता कपाटात होती. उज्जैनचा हा ज्योतिषी सहाव्या शतकातला. ग्रहताऱ्यांच्या त्या ग्रंथात वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे, आणि त्यात झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी कसं न्यावं ते सांगितलंय. फांद्या न फुटलेली झाडं शिशिरात हलवावीत, फांद्या फुटलेली हेमंतात, चांगलं खोड धरलेली पावसाच्या सुरुवातीला. हलवताना मुळापासून तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यावा. (मध आम्हांला वर्ज्य, पण ते झाडाला कोण सांगणार!) लावल्यावर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावं, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात माती सुकेल तेव्हाच. आजारी झाडाची लक्षणंही आहेत: पानं फिकट पडतात, कोंब वाढत नाहीत, फांद्या सुकतात, रस गळतो. कारणं थंडी, वारा, ऊन. माझ्या पडवीतल्या झाडाचा कागद दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता. पाऊस तीन आठवड्यांवर आलेला असताना मी मात्र कात्री काढली होती.

कुंडीत लहानसं झाड वाढवण्याची कला चीनमधून जपानात गेली. चीनमध्ये तांग घराण्यातल्या चांगह्वाई राजपुत्राच्या थडग्यात, इ. स. ७०६च्या भित्तिचित्रात, सेवकाच्या हातात लहानशा झाडाचं पात्र आहे. जपानी शब्दातला 'बोन' म्हणजे उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लावणं. आपले हौशी लोक त्याला वामनवृक्ष म्हणतात. वामन म्हटलं की लहानपणा डोळ्यांपुढे येतो, पण खरी गोष्ट पात्राची आहे. पात्र उथळ, म्हणून दर काही वर्षांनी मुळं छाटून झाड नव्याने लावावंच लागतं. शंभर वर्षांचं बोन्साय म्हणजे कितीतरी वेळा मुळं तुटून पुन्हा धरलेलं झाड.

जपानातल्या एका पाइनची गोष्ट वाचली. १६२५ पासून ते झाड कुंडीत आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे ते पिढ्यान्‌पिढ्या होतं. ६ ऑगस्ट १९४५ला बाँब पडला तेव्हा ते तिथून सुमारे तीन किलोमीटरवर, एका भिंतीच्या आडोशाला होतं. घरच्या खिडक्या फुटल्या, झाड वाचलं. १९७६मध्ये मासारू यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिलं, आणि आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. ते बाँबमधून वाचलेलं आहे हे तिथल्या लोकांना कळलं २००१मध्ये, यामाकींचे नातू झाड पाहायला गेले तेव्हा. देणाऱ्याने त्याचा गाजावाजा केलाच नव्हता.

हे वाचत मी नार्व्यात बसले होते, आणि मुळं तुटून पुन्हा धरण्याचा केवढा मोठा दाखला दाराशी आहे, हे मला उशिरा सुचलं. आमच्या गावचा सप्तकोटेश्वर मूळचा इथला नाही. तो नदीपलीकडच्या दिवाडीवरचा, गोव्याच्या कदंब राजांचं आराध्यदैवत. सप्तकोटेश्वराच्या कृपेने वर मिळालेला, असं कदंब राजे आपल्या नाण्यांवरही कोरत. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत ते देऊळ पडलं. पुढे गोवा विजयनगरकडे आल्यावर माधव मंत्र्याने ते पुन्हा उभं केलं. १५४०च्या सुमारास पोर्तुगिजांनी ते पाडलं. लिंग विहिरीच्या कामाला लावलं होतं आणि डिचोलीच्या भक्तांनी ते तिथून सोडवून मांडवी ओलांडून अलीकडे आणलं, असं सांगतात. डिचोली तेव्हा आदिलशाहीत, म्हणजे पोर्तुगिजांच्या हाताबाहेर. पलीकडेही नार्वे, अलीकडेही नार्वे; देवाबरोबर गावाचं नावही नदी पार करून आलं, असं इथे मानतात.

आज आपण पाहतो ते देऊळ त्या वेळी लगेच उभं राहिलं नाही. सव्वाशे वर्षं देव आडोशाला, साधेपणाने राहिला. या वर्षांचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही घडलं नाही. रोज कुणीतरी पाणी घातलं, दिवा लावला, एवढंच. मग छत्रपती शिवाजी महाराज आले, आणि त्यांच्या आज्ञेने देवालयाला आरंभ झाला. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, म्हणजे नोव्हेंबर १६६८. दारावरच्या शिलालेखात तिथी आहे. देऊळ ठेंगणंच आहे: चिऱ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, अष्टकोनी बैठकीवर बुटका घुमट, पुढे दीपमाळ. २०२३मध्ये त्याचा पुन्हा जीर्णोद्धार झाला. आम्ही इतिहास म्हणून १६६८ पाठ करतो. त्याआधीची सव्वाशे वर्षं मुळं धरण्याची होती, हे मला माझ्या बोडक्या झाडाने शिकवलं.

मुळं न धरलेलंही याच गावात आहे. जैनकोट म्हणतात तिथे जुन्या बस्तीचे अवशेष आहेत. तिथे गेले की मी नुसती उभी राहते. कुणी कुठे नेलं, कोण मागे राहिलं, विचारायला कुणी नाही. उचलून नेणारे हात आणि नंतर रोज पाणी घालणारे हात, दोन्ही असावे लागतात.

मृगाचा पाऊस आला. मी झाड पागोळीखाली नेलं नाही, पडवीतच ठेवलं. आषाढ लागला आणि एका सकाळी फांदीच्या टोकाला तांदळाएवढा हिरवा कोंब दिसला. धरून हलवून बघावं, मुळं धरली का, असा मोह झाला. नाही बघितलं. आठवड्याभरात पाच कोंब. तरी खत नाही, छाटणी नाही, तार नाही. श्रावणात पानं चांगली जून झाली. गोकुळाष्टमीला नदीवर स्नानाची गर्दी लोटली, त्या दिवशी मी सकाळच्या कोवळ्या उन्हात कुंडी पहिल्यांदा बाहेर ठेवली आणि चिमूटभर खत घातलं.

भाद्रपदात आमचं पर्युषण झालं. क्षमावाणीला सगळ्यांना फोन करून क्षमा मागायची रीत. मुलीला म्हटलं, "उत्तम क्षमा. आणि आणखी एक आहे. तुझं झाड मी जवळजवळ मारलं होतं, आणि तुला खोटं सांगितलं."

ती म्हणाली, "माहीत होतं. तू त्याचे फोटो पाठवायचं बंद केलं होतंस." थोडं थांबून म्हणाली, "आता कसं आहे?"

"बरं आहे," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

पुढची कुंडी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल. पहिला पाऊस पडल्यावरच बदलीन. अंगणातली माती चाळून घेईन, निम्म्याला विटेची बारीक खडी घालीन, म्हणजे पाणी थांबणार नाही. मुळं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायची नाहीत. कात्री तेव्हाही हातात जडच होईल. ती हलकी होऊ नये, असंच वाटतं.