टाके, टाकी आणि इंधनकोश : शर्यतीच्या वाहनांतील एका नियमाचा इतिहास

इंग्रजी 'टँक' या शब्दाचे मूळ कोशकार बहुधा गुजराती-मराठी 'टांकी', 'टाके' या शब्दांकडे नेतात. सह्याद्रीतील गडांवर कातळात खोदलेली टाकी पाहिली म्हणजे मूळ अर्थ ध्यानी येतो : जे हलत नाही, उलथत नाही, असे साठवणीचे स्थान. शर्यतीच्या मोटारींतही टाकी गळत नसली म्हणजे पुरे, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती कशी मोडली, हे येथे संक्षेपाने पाहावयाचे आहे.

१९६४ साली अमेरिकेत एका आठवड्यात दोन भीषण अपघात झाले. २४ मे रोजी शार्लट येथे फायरबॉल रॉबर्ट्स पेटलेल्या मोटारीत भाजला व २ जुलै रोजी मरण पावला. ३० मे रोजी इंडियानापोलिस येथे दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅक्डोनल्डची मोटार भिंतीवर आदळून पेटली. एडी सॅक्सची मोटार तीवर धडकली व दोघेही दगावले. यानंतर जो उपाय रूढ झाला, त्याचे बीज लष्करी विमानविद्येत होते. दुसऱ्या महायुद्धातील विमानांत गोळी लागताच छिद्र आपोआप बुजविणाऱ्या रबरी टाक्या होत्या. त्याच धर्तीवर धातूच्या पेटीत रबरलेपित कापडाची लवचीक पिशवी व तीत सच्छिद्र फेस, अशी रचना आली. पेटी चेपली तरी पिशवी फाटत नाही. फेसामुळे इंधन हिंदकळत नाही व ज्वाला आत पसरू शकत नाही.

मॅक्डोनल्डची मोटार मिकी थॉम्प्सन याने बांधलेली होती. त्यानेच १९७३ मध्ये 'स्कोर' ही आडरानातील शर्यतींची संस्था स्थापिली. अशा शर्यतींचा आरंभ १९६७ साली तिहुआना ते ला पाझ या मेक्सिकोतील वाळवंटी मार्गावर झाला होता. येथे प्रश्न अधिक बिकट होतो. वाहन उलटणे हा येथे अपवाद नव्हे, आणि अग्निशामक दल मैलोगणती दूर असते. म्हणून केवळ पिशवी पुरत नाही. वाहन उलटताच हवानळी बंद करणारी झडप हवी. टाकी व चालक यांमध्ये अभेद्य पडदा हवा. आणि नळ्या तापलेल्या धुराड्यापासून दूर, घर्षणापासून सुरक्षित बांधलेल्या हव्यात. पट्ट्यांनी जखडलेल्या चालकास बाहेर पडण्यापुरता अवधी मिळावा, एवढाच या साऱ्यांचा हेतू होय.

पिशवीही जीर्ण होते. जागतिक मोटार संघाच्या 'एफटी३' मानकानुसार तिचे आयुष्य निर्मितीपासून ५ वर्षे. निर्मात्याच्या तपासणीनंतर आणखी २ वर्षे. वरून धडधाकट दिसणारी जुनी पिशवी वापरण्याचा मोह वाहन बांधणाऱ्यास होतो. पण त्याची किंमत चालकास मोजावी लागते.

या साधनास इंग्रजीत 'फ्युएल सेल' म्हणतात. मराठीत 'इंधनघट' हा शब्द विद्युत्‌निर्मितीच्या साधनास दिला गेला आहे. म्हणून येथे 'इंधनकोश' सुचवावासा वाटतो. टाके स्थिर राहते, हे त्याचे लक्षण. कोश आघातातही आतील वस्तू जपतो, हे त्याचे. या नियमाचा सारा इतिहास या दोन शब्दांमधील अंतरात सामावला आहे.