गुरुत्वाकर्षणाचा वेग

गुरुत्वाकर्षणाचा वेग म्हणजे गुरुत्वीय क्षेत्रात घडलेला बदल अवकाशातून ज्या वेगाने पसरतो तो वेग होय. व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार हा वेग निर्वातातील प्रकाशाच्या वेगाइतकाच, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे. खाली पडणाऱ्या वस्तूला गुरुत्वाकर्षणामुळे प्राप्त होणारा वेग ही याहून वेगळी संकल्पना आहे.

इतिहास

न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमात काळाचा उल्लेख नाही. त्यानुसार एका वस्तूचे स्थान बदलताच तिचा परिणाम कितीही दूरच्या वस्तूवर तत्क्षणी होतो. हा वेग मर्यादित असेल, तर ग्रहोपग्रहांच्या कक्षा हळूहळू बदलत जातील, असे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले. तसा बदल आढळत नसल्याने गुरुत्वाकर्षणाचा वेग प्रकाशाच्या कित्येक लक्षपट असला पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला.

आइन्स्टाइनच्या १९१५ मधील सिद्धांताने या अडचणीचा उलगडा झाला. सूर्यप्रकाशाला पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. सूर्याच्या गुरुत्वीय क्षेत्रातील बदल पोहोचण्यासही तेवढाच काळ लागतो. मात्र गतिमान वस्तूच्या गुरुत्वाकर्षणात तिच्या वेगावर अवलंबून असणारे घटकही असतात. विलंबाचा परिणाम त्यांच्यामुळे जवळजवळ पूर्णपणे नाहीसा होतो व कक्षा स्थिर राहतात. लाप्लासच्या गणितात हे घटक नव्हते.

प्रत्यक्ष मापन

१७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो व व्हर्गो या वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी नोंदवल्या. त्यानंतर सुमारे १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने त्याच दिशेकडून आलेला गॅमा किरणांचा स्फोट टिपला. हे तारे वासुकी तारकासमूहाच्या दिशेने, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत होते. पुण्याजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीनेही (जीएमआरटी) या घटनेच्या रेडिओ लहरींचा वेध घेतला.

गॅमा किरण मीलनानंतर काही सेकंदांनी निघाले असण्याचीही शक्यता असल्याने १.७ सेकंदांचा फरक पूर्णपणे वेगातील फरकामुळे पडला, असे म्हणता येत नाही. ही शक्यता जमेस धरूनही, दोन्ही वेगांतील फरक १ वर १५ शून्ये इतक्या भागांपैकी फार तर ३ भाग असू शकतो, असे ठरले. या दोन वेगांत फरक मानणारे अनेक पर्यायी गुरुत्वाकर्षण सिद्धांत या एका निरीक्षणामुळे बाद झाले.

महाराष्ट्रातील संशोधन

पुण्याच्या 'आयुका' संस्थेत संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या पद्धतींवर प्रारंभापासून काम केले. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली 'लायगो-इंडिया' वेधशाळा नियोजित असून केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली.

लहरींचा वेग ठाऊक असल्यामुळे त्या निरनिराळ्या वेधशाळांत पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून त्यांची दिशा काढता येते. अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळा एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर असल्याने तेथे हा फरक जास्तीत जास्त १० मिलिसेकंदांचा असतो. भारतातील वेधशाळा त्यांच्यापासून याहून कितीतरी दूर असल्याने हा फरक वाढेल व स्रोताचे आकाशातील स्थान अधिक अचूकपणे निश्चित करता येईल.